सरकारची नेमणूक, करदात्याचा हिशेब

बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे नाव निघाले, की जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तेथे १८४८ साली काढलेली मुलींची शाळा आठवते. ती जुनी वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. परंतु जोतीराव पुढे पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, याचे स्मरण क्वचितच होते.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव व्यवहाराला अनोळखी असे निव्वळ सुधारक नव्हते. ते बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरविला होता. कामाला खर्च किती येतो आणि पैसा कोठे मुरतो, हे ते जाणून होते. १८७६ मध्ये सरकारने त्यांना नगरपालिकेवर नेमले. नेमणूक सरकारची होती. हिशेब मात्र त्यांनी करदात्याच्या वतीने मागितला. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांनी सुचविले आणि विरोधात एकट्याने मत दिले. नव्या मंडईवरील मोठ्या खर्चासही त्यांनी विरोध केला. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले! १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडले की, कर शेतकऱ्याने भरावा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनी घ्यावा, हा अन्याय होय.

जोतीराव १८९० मध्ये निवर्तले. १९५० साली शहर व उपनगर या दोन नगरपालिका एकत्र येऊन पुणे महानगरपालिका झाली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे तीत आली. यामागील कार्यक्षमतेचा युक्तिवाद पोकळ नाही. नळाचे पाणी, सांडपाणी आणि रस्ते गावाच्या शिवेवर थांबत नाहीत, आणि त्यांचा भार एकट्या ग्रामपंचायतीला पेलत नाही. पण विलीनीकरणाबरोबर सरपंच गेला, ग्रामसभाही गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. मिळकतकराची मागणी घरोघर पोहोचली. जाब विचारावा असा नगरसेवक मात्र नव्हता. फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे तर २०२४ मध्ये पुन्हा वगळावी लागली.

म्हणून यंत्रणा एक करताना लोकांचा आवाज बंद होता कामा नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या आहेत. समाविष्ट गावांना त्यांत खरे स्थान हवे, आणि तेथून किती कर जमला व तेथे किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा. निवडणूक हाती नसतानाही जोतीरावांनी नेमलेल्या खुर्चीवरून हा प्रश्न विचारला. मताचा अधिकार लाभलेल्या नागरिकांनी तो विचारू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कार्यक्षम कारभाराला नाही.