दुसरे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. मला मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकही आठवतात. इथे येताना आईने बॅगेत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' टाकली होती. त्यात ते मला भेटले.

१८६१ साली कोकणात, करजगावला चित्पावन घरात त्यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातल्या गिरिप्रवचनाने ते पार हलून गेले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. पत्नी आणि मुलगा काही वर्षं दुरावले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आधी मनातला जातिभेद टाकला आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. क्रम बघा, आधी मन, मग विधी!

टिळकांनी धर्म बदलला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. शिष्य म्हणवून घ्यायचं तर तसं जगायला हवं, या ओढीने १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

मी इथे आल्यावर क्लायंटला सोपं जावं म्हणून नाव छोटं केलं, उच्चार बदलले. आतला मी होतो तस्साच! टिळकांचं नेमकं उलटं. आणि दर महिन्याचा पगार सोडणं म्हणजे काय, हे मंडळी, आपल्याला वेगळं सांगायला नको.