सेनेका : उक्ती, कृती आणि राजाश्रय

दारिद्र्याची थोरवी सांगणारा हा स्टोइक तत्त्वज्ञ स्वतः मात्र अमाप संपत्तीचा धनी होता, हा आक्षेप सेनेकाला त्याच्या हयातीतच ऐकावा लागला. इ. स. ५८ मध्ये सुइलियस या वक्त्याने चार वर्षांच्या राजमैत्रीत जमलेल्या तीस कोटी सेस्टर्सचा हिशेब त्याच्याकडे जाहीरपणे मागितला. आक्षेप निराधार नव्हता. परंतु तेवढ्यावरून त्याचे लेखन निकालात काढणे घाईचे ठरेल.

स्पेनमधील कोर्डुबा येथील सधन कुटुंबात जन्मलेला सेनेका बालपणीच रोमला आला व पुढे वक्ता म्हणून नावारूपास आला. इ. स. ४१ मध्ये राजघराण्यातील ज्यूलिया लिव्हिला हिच्याशी व्यभिचार केल्याच्या आरोपावरून सम्राट क्लॉडियसने त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले. तेथून त्याने आई हेल्व्हिया हिचे सांत्वन केले : दैव माणसाचे स्थान हिरावते, सद्गुण नव्हे. त्याच बेटावरून पॉलिबियस या दरबारी अधिकाऱ्याला लिहिलेल्या सांत्वनपर लेखात मात्र क्लॉडियसची अतिरेकी स्तुती आढळते. दोन्ही लेखांचा कर्ता एकच आहे, हे विसरून चालणार नाही.

इ. स. ४९ मध्ये अ‍ॅग्रिपिनाने त्याला परत बोलावून आपल्या मुलाचा, नीरोचा, शिक्षक नेमले. इ. स. ५४ मध्ये नीरो सम्राट झाल्यावर आरंभीची काही वर्षे सेनेका व सेनाधिकारी बुरस यांच्या सल्ल्याने कारभार बराच सुरळीत चालला. नीरोला उद्देशून लिहिलेला क्षमाशीलतेवरील ग्रंथ याच काळातला. इ. स. ५९ मध्ये नीरोने आईची हत्या करविली. तिचे समर्थन करणारे पत्र सिनेटला गेले, ते सेनेकाने रचले होते असे टॅसिटस सूचित करतो. येथे बचावाला जागा उरत नाही.

इ. स. ६२ मध्ये बुरस वारला. सेनेकाने संपत्ती परत करून निवृत्तीची अनुज्ञा मागितली. नीरोने ती गोड शब्दांत नाकारली. तरीही तो दरबारापासून दूर राहू लागला. लुसिलियसला लिहिलेली, आज उपलब्ध असलेली १२४ पत्रे या अखेरच्या वर्षांतली असून त्याचे खरे वाङ्मयीन कर्तृत्व त्यांतच आहे. स्नानगृहातला गोंगाट, बोटीवरची मळमळ, आपणच लावलेली आणि आता वठत चाललेली झाडे, गुलामांना दिली जाणारी वागणूक अशा साध्या प्रसंगांतून चिंतन उलगडते. आपण वैद्य नसून त्याच रुग्णशाळेतला दुसरा रोगी आहोत, अशी भूमिका तो एका पत्रात घेतो. पूर्वीच्या ग्रंथांतला उपदेशकाचा आवेश तिथे ओसरलेला दिसतो.

इ. स. ६५ मध्ये पिसोच्या कटात गोवून नीरोने त्याला मरणाची आज्ञा दिली. मृत्युपत्रासाठी त्याने मागितलेल्या पाट्या सेंच्युरियनने नाकारल्या. शिरा कापूनही वृद्ध, कृश देहातून रक्त सावकाश वाहत होते. विषही लागू पडेना. शेवटी उष्ण स्नानाच्या वाफेत तो गुदमरून मेला. पत्नी पाउलिनानेही शिरा कापल्या होत्या. नीरोच्या हुकमाने तिच्या जखमा बांधण्यात आल्या आणि ती पुढे काही वर्षे जगली.