हाइन्रिख बीबर : व्हायोलिनच्या तारा वेगळ्या सुरांत लावणारा कलाकार

१६७० च्या उन्हाळ्यात मोराव्हियातल्या क्रोमेरीझच्या बिशपने आपल्या पदरच्या एका वादकाला टिरोलमधल्या आब्सम गावी पाठवले. तिथे याकोब श्टायनर हा नामांकित कारागीर व्हायोलिन घडवत असे. त्याच्याकडून वाद्ये आणायची होती. वादक परतलाच नाही. त्याने साल्झबर्गच्या आर्चबिशपकडे चाकरी धरली. त्याचे नाव हाइन्रिख बीबर.

बीबरचा जन्म १६४४ मध्ये बोहेमियातला. न सांगता गेल्यामुळे जुना धनी दुखावला, पण साल्झबर्गचा आर्चबिशप त्याचा मित्र होता. त्यामुळे शिक्षा टळली. मुक्ततेची कागदपत्रे मात्र १६७६ मध्ये मिळाली. दरम्यान बीबर आपल्या रचना क्रोमेरीझला पाठवत राहिला.

साल्झबर्गमध्येच त्याने 'रोझरी सोनाटा' रचले. मेरीच्या जपमाळेतल्या १५ प्रसंगांवर १५ सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी 'पासाकालिया'. पहिली आणि शेवटची रचना सोडली, तर प्रत्येक वेळी तारा वेगळ्या सुरांत लावायच्या. येशूच्या पुनरुत्थानावरच्या ११व्या सोनाटात तर मधल्या दोन तारांची अदलाबदल होते आणि घोडीच्या मागे तारांचा क्रूस दिसतो.

यामुळे वाचनही उलटेपालटे होते. कागदावरची खूण बोट कुठे ठेवायचे ते सांगते. ऐकू येणारा सूर निराळाच असतो. नेहमीच्या सुरांत लावलेल्या व्हायोलिनवर तेच वाजवले, तर सारे बेसूर. तार सैल केली की आवाज मऊ होतो, ताणली की धारदार. म्हणजे तारा लावणे हाच रचनेचा भाग.

पासाकालियात उतरत्या चार सुरांची ओळ अखेरपर्यंत फिरत राहते आणि तिच्यावर एकच वादक नवनवे आकार रचतो. बाखच्या एकल व्हायोलिन रचनांची प्रत १७२० ची. बीबर त्याच्या कितीतरी आधीचा.

१६८४ मध्ये तो दरबाराचा संगीतप्रमुख झाला, १६९० मध्ये सम्राटाने त्याला सरदारकी दिली आणि १७०४ मध्ये साल्झबर्गमध्येच त्याचे निधन झाले. रोझरी सोनाटा हस्तलिखितातच राहिले. ते छापले गेले थेट १९०५ मध्ये.

पुढे जुन्या पद्धतीने वादन करणाऱ्यांनी आतड्याच्या तारा आणि बरोक काळातला गज हाती घेतला, तेव्हा या रचना पुन्हा मैफलीत रुजल्या. तारा सारख्या बदलल्या की वाद्य सुरात टिकत नाही. म्हणून आज अनेक वादक एकाच मैफलीसाठी वेगवेगळ्या सुरांत लावलेली अनेक व्हायोलिन सोबत घेऊन येतात.