नीरेतलं ‘क’ जीवनसत्त्व आणि कमलाताई सोहोनी

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानांत हल्ली गडद तपकिरी काचेच्या लहानशा बाटल्या समोरच मांडलेल्या असतात. चेहऱ्यासाठी ‘क’ जीवनसत्त्वाचं सीरम. बाटली गडद का, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. हे जीवनसत्त्व उजेड, हवा आणि उष्णता यांपुढे टिकत नाही, हे त्याचं कारण. ते टिकतं कसं, या प्रश्नाशी मुंबईत एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचा फार पूर्वी संबंध आला होता. तेव्हा विषय चेहऱ्याचा नव्हता, कुपोषणाचा होता.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बेंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त कमला पहिल्या आल्या आणि त्याच संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार स्त्री होती. कमला बेंगळुरूला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष परीक्षेचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट आज वाचतानाही लाज वाटावी अशी आहे. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून त्या १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायन प्रयोगशाळा होती. अन्नात पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थांखेरीज आणखी काही सूक्ष्म घटक लागतात, हे दाखवून देणाऱ्यांपैकी ते एक. दहा वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी एक पांढरा, आंबट पदार्थ वेगळा काढला होता. तोच पुढे ‘क’ जीवनसत्त्व ठरला, आणि कमला केंब्रिजला पोहोचल्या त्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल मिळालं. कमलांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवलं. १९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. १९४९ पासून विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

नीरेचं काम इथलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ते सुचवलं होतं. ताड-शिंदीचा हा रस पहाटे उतरवतात; ऊन चढलं की तो आंबतो आणि ताडी होते. कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्व व लोह आढळलं. त्याहून नवलाची गोष्ट पुढे होती. नीरा आटवून गूळ आणि काकवी केली तरी हे घटक बऱ्यापैकी शिल्लक राहत. एरवी भाजी जास्त शिजवली तरी ‘क’ जीवनसत्त्व जातं. नीरेतली गंधकयुक्त संयुगं त्याला राखतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी कमलाताईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आजच्या सीरमचं गणितही सोबत्याचंच आहे. ‘ई’ जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्ल यांची जोड दिली तर ‘क’ जीवनसत्त्व जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षणही वाढतं. त्वचेत ते कोलॅजन बनायला मदत करतं आणि काळे डाग पडण्याची क्रिया मंदावतं. मात्र शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायला द्रावण बरंच आम्लधर्मी लागतं, पीएच ३.५ च्या खाली. प्रमाण १० ते २० टक्के पुरे. त्यापुढे फायदा वाढत नाही, आग मात्र वाढते. संवेदनशील त्वचेला १० टक्क्यांनीच सुरुवात करावी, तीही आधी कानामागे थोडं लावून पाहून. सकाळी चेहरा धुऊन कोरडा केल्यावर तीन-चार थेंब, त्यावर सनस्क्रीन. सनस्क्रीन टाळायचं असेल तर सीरमवरचे पैसे वाचवलेले बरे. पाण्यासारखं किंवा फिकट असलेलं द्रावण गडद पिवळं-तपकिरी झालं, की त्यातला माल संपला. ते टाकून द्यावं. बाटली दमट न्हाणीघरात ठेवू नये. आणि लिंबू कापून गालावर चोळणं हा त्यावरचा स्वस्त उपाय नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबू जेवणात पिळावं. शरीराची रोजची गरज तर एका पेरूतही भागते.

विज्ञान संस्थेचं संचालकपद कमलाताईंना अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षं उशिराच मिळालं. आरे दूध योजनेला दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत. निवृत्तीनंतर मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्या लिहीत. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं.