युफेमिया लॉफ्टन हेन्स
युफेमिया लॉफ्टन हेन्स (११ सप्टेंबर १८९० – २५ जुलै १९८०) या अमेरिकन गणितज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होत्या. १९४३ मध्ये कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामधून गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन महिला ठरल्या. वॉशिंग्टन डी.सी.च्या सरकारी शाळांत त्यांनी ४७ वर्षे सेवा केली. तेथे क्षमतेनुसार विद्यार्थ्यांचे गट पाडण्याच्या पद्धतीमुळे अनेक कृष्णवर्णीय मुले उच्चशिक्षणाच्या पूर्वतयारीपासून वंचित राहत. शहराच्या शिक्षण मंडळाच्या सदस्य व पुढे अध्यक्ष या नात्याने हेन्स यांनी या पद्धतीला विरोध केला. १९६७ मध्ये न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. मृत्युपत्राद्वारे त्यांनी आपल्या विद्यापीठाला ७ लाख डॉलर दिले. त्यातून शिक्षणशास्त्र विभागात एक अध्यासन व विद्यार्थ्यांसाठी कर्जनिधी उभारण्यात आला.