चिलटांच्या अभ्यासातून नोबेल! थॉमस मॉर्गन यांची गोष्ट

मीरा रोड : बाजारात जास्त पिकलेल्या केळ्यांवर बारीक चिलटं घोंघावतात, आपण ती हाताने हाकलतो. पण याच फळमाशीवर संशोधन करून थॉमस हंट मॉर्गन यांनी १९३३ चं नोबेल मिळवलं.

मॉर्गन यांचा जन्म १८६६ चा, अमेरिकेतल्या केंटकीचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते दुधाच्या बाटल्यांत केळी घालून या माश्या पाळायचे. या माशीचे डोळे लाल असतात. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे फक्त नरांनाच आले. आई-बापाचे गुण पुढे नेणारी जनुकं गुणसूत्रांवर असतात, याचा हा भक्कम पुरावा ठरला. आधी मॉर्गन यांनाच हे पटत नव्हतं. पुरावा दिसला तसं त्यांनी मत बदललं.

त्यांच्या प्रयोगशाळेने माश्यांचे वाण इतर संशोधकांना मोकळ्या हाताने दिले. नोबेलचे पैसेही स्वतःच्या मुलांसोबत दोन सहकाऱ्यांच्या मुलांना वाटले. १९४५ मध्ये ते गेले.

तीच रीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लायबेस’ने पुढे नेली. माशीचं कोणतं जनुक काय काम करतं, ते बंद पडलं तर काय होतं, हे तिथे बघायला मिळतं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही या माशीवर संशोधन झालंय. पण २०२५ मध्ये अमेरिकेचा सरकारी निधी थांबला आणि फ्लायबेस अडचणीत आलं. मॉर्गन यांच्यापासून जमलेली ही शिदोरी टिकणार का, हा प्रश्न आहे.