मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : १५ सप्टेंबर १८६१, मुद्देनहळ्ळी, म्हैसूर संस्थान, मृत्यू : एप्रिल १९६२, बंगळूर) हे भारतीय स्थापत्य अभियंते, प्रशासक आणि म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. त्यांच्या शासकीय सेवेची पहिली दोन तपे मुंबई इलाख्यात गेली. धरणे आणि पाटबंधारे यांसाठी ते सर्वपरिचित आहेत. मात्र भारतातील जलविद्युत उद्योग स्थिरावण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नव्हते. उन्हाळ्यात नदी आटली असता वीजकेंद्राला पाणी कोठून पुरवावयाचे, हा त्यांनी हाताळलेला प्रश्न होता.

शिक्षण

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. पदवी मिळविली. त्यानंतर म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले.

मुंबई इलाख्यातील सेवा

१८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक व धुळे भागांत प्रारंभीची कामे केल्यावर त्यांनी सिंधमधील सक्कर शहराची पाणीपुरवठा योजना पार पाडली. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत सुचविली; तीत पाणी गावोगावच्या शेतकऱ्यांना आळीपाळीने मिळावे, अशी योजना होती.

खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजे (१९०३) हे या काळातील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी या दरवाजांनी अडविले जाई. पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ते आपोआप उघडत. त्यामुळे मूळ भिंत न वाढविता साठा वाढला. १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. मुसा नदीच्या महापुरानंतर निजाम सरकारच्या निमंत्रणावरून काही काळ हैदराबादेस काम करून, नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले.

कावेरी आणि वीज

कावेरीवरील शिवसमुद्रम येथील जलविद्युत केंद्र दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये सुरू झाले होते. तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाई. इतक्या अंतरावर वीज वाहून नेणे त्या काळी धाडसाचे होते. तथापि केंद्रामागे साठवण नव्हती. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहे आणि उन्हाळ्यात प्रवाह इतका रोडावे की पुरवठ्याची खात्री देता येत नसे. खोल खाणीत पाणी उपसण्याचे पंप आणि पाळणे विजेवर चालत असल्याने खात्री नसलेली वीज खाणमालकांच्या उपयोगाची नव्हती. खाणींना अधिक वीज हवी होती व संस्थानाला तिच्यापासून मिळणारे उत्पन्न.

यावर विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे धरणाची योजना मांडली. साठवलेले पाणी उन्हाळ्यात सोडून खालच्या केंद्राला पुरवावे आणि उरलेल्यातून मंड्या भागातील कोरडवाहू जमीन भिजवावी, असा तिचा आराखडा होता. खर्चाच्या आकड्यांमुळे संस्थानाच्या अर्थखात्याने हात आखडता घेतला. अखेर महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांनी १९११ मध्ये संमती दिली.

मद्रास सरकारचा आक्षेप अधिक गंभीर होता. खालच्या अंगाला तंजावरच्या भातशेतीचे पाणी तुटेल, अशी त्या सरकारला भीती होती, आणि ती निराधार म्हणता येत नाही. प्रथम सुमारे ८० फूट उंचीपुरतीच मान्यता मिळाली. विश्वेश्वरय्यांनी मात्र पाया पूर्ण उंचीच्या भिंतीला पेलेल असाच घातला. मंजुरी लहान धरणाची व पाया मोठ्याचा, हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्तही ठरावा. लवादाचा निवाडा १९१४ मध्ये म्हैसूरच्या बाजूने लागला. परंतु वाद चालूच राहून १९२४ च्या कराराने तूर्त मिटला. कावेरीच्या पाणीवाटपाचा पुढील संघर्ष याच करारापाशी येऊन पोहोचतो.

बांधकामात सिमेंटऐवजी चुना व सुरखी वापरली गेली. सांडव्यांवर खडकवासल्याच्या धर्तीचे स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. सुमारे १३० फूट उंचीचे हे कृष्णराजसागर धरण १९३०च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. जुने कन्नंबाडी गाव व परिसरातील वस्त्या जलाशयाखाली गेल्या. धरणाच्या गौरवात विस्थापितांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

दिवाणपद व उत्तरायुष्य

१९१२ ते १९१८ या काळात ते दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) ही याच कारकिर्दीची फळे. विजेवर उद्योग उभारावयाचे तर अभियंते संस्थानातच घडले पाहिजेत, हे या महाविद्यालयामागील एक कारण होते. शासकीय नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन त्यांनी पद सोडले. नंतर भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची घडी त्यांनी बसविली, आणि टाटांच्या पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावरही ते दीर्घकाळ होते.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.